कोटाचं बटण

बटण फरशीवर पडलं, दोनदा टणटणलं आणि गोल गोल फिरत ओट्याखाली गेलं. सुट्टीच्या दुपारच्या त्या शांततेत एवढासा आवाजही मला ताट पडल्यासारखा वाटला. मी श्वास रोखून आतल्या दाराकडे पाहिलं. नवऱ्याची बेकरीतली पाळी मध्यरात्री सुरू होते, त्यामुळे आमच्या घरात दुपार म्हणजेच रात्र. तो गाढ झोपला होता आणि त्याच्या कुशीत लेक. दोघांपैकी एक जरी उठलं असतं, तरी माझा चोरलेला तास हातचा गेला असता. कोणीतरी कूस बदलली, एक उसासा ऐकू आला आणि पुन्हा सगळं शांत झालं. माझा जीव भांड्यात पडला.

गुडघ्यांवर बसून मी ओट्याखाली हात घातला. एक वाळका वाटाणा मिळाला, लेकीचा हरवलेला लाल खडू मिळाला आणि शेवटी बटण मिळालं. तपकिरी, जाडजूड, कोटाचं, एका कडेला टवका उडालेलं. फुंकर मारून मी ते टेबलावरच्या हिरव्या कापडावर परत ठेवलं. बचावफळीच्या मधोमध, जिथे ते कित्येक वर्षं होतं तिथेच. थोडा वेळ बघत बसले आणि पुन्हा उचललं.

ते बटण म्हणजे खांब. आमच्या टीमची कॅप्टन.

बटणांची ही भानगड आमच्या क्लबात कोणालाही विचारा. बायकांची ही फुटबॉल टीम उभी केली ती एका टेलरमास्तरांनी. दिवसभर दुकानात शिवणकाम, संध्याकाळी गळ्यात टेपऐवजी शिट्टी. मॅचच्या आधी मास्तर कापड बेतायच्या टेबलावर खडूने मैदान आखायचे आणि त्यावर बटणं मांडायचे, प्रत्येकीचं एक. पळणाऱ्या पोरींना शर्टाची, मधल्या फळीला ब्लाउजची, आणि आमची गोलकीपर, जिला आम्ही कडी म्हणतो, तिला पँटचा हूक. तोंडाने मास्तर कोणाला काही सांगायचे नाहीत. आपण त्या रस्त्याने जायचं, काचेतून डोकावायचं आणि आपलं बटण टेबलावर आहे का ते बघायचं. नसलं तर समजायचं, आपण डब्यात. हा शब्द आमच्यात इतका रुळला की कोणाची नोकरी गेली तरी आम्ही म्हणायचो, डब्यात गेली बिचारी.

मीही गेले होते. लेक पोटात होती तेव्हा. अजून मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण माझी धाप बघून मास्तरांनी ओळखलं असावं. काचेला कपाळ टेकवून मी माझं निळं बटण शोधत होते आणि आत मास्तर मान खाली घालून काजं करत होते. मी गेले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

म्हणून, पुढे मास्तरांचे हात थरथरायला लागले, टीम घसरत घसरत तळाला गेली आणि कमिटीने मला हेड कोच केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी ड्रेसिंग रूममध्ये सांगून टाकलं, "आजपासून डबा बंद. जे असेल ते मी तोंडावर सांगेन. जिचं असेल तिला सगळ्यांत आधी. कोणाला काही दुसऱ्याकडून कळणार नाही."

"लिहून दे," कडी म्हणाली. सगळ्या हसल्या.

खांब बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहून कशाला? तिचा शब्द आहे ना."

मला कोच करा म्हणून कमिटीपुढे भांडलीही तीच. कमिटीला बाहेरचा कोणी अनुभवी माणूस आणायचा होता. "अनुभवी माणसांनीच आपल्याला इथवर आणलंय," ही म्हणाली. शेवटी कमिटीने मान डोलावली म्हणे.

आणि दुपार. माझ्या सगळ्या कोचगिरीचा पाया ती दुपार होती. बालवाडी सुटते तेव्हा मी ग्राउंडवर शाळकरी पोरींची प्रॅक्टिस घेत असते आणि नवरा झोपलेला असतो. खांब एका मोठ्या लाँड्रीत सकाळची पाळी करते. तिथून ती थेट बालवाडीच्या फाटकाशी जायची, लेकीला घरी आणायची, दूध-केळं द्यायची, तिच्या दोन शेंड्या घालायची आणि संध्याकाळी दोघी हात धरून ग्राउंडवर यायच्या. मी तिला काही म्हटलं नव्हतं. आपणहून म्हणाली, "भिंगरी, तू टीम बघ. ठमी माझ्याकडे." भिंगरी म्हणजे मी, खेळायचे तेव्हाचं नाव. ठमी म्हणजे माझी लेक. आणि लेकीची ती खांबमावशी.

नव्या कोचने काय करावं, याबद्दल ज्याला त्याला मत असतं. कमिटीच्या अध्यक्षांना वाटत होतं, जर्सीचा रंग बदलावा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आधी पोरींना पोटभर जेवायला घाल, मग पळव." मास्तरांकडे बटणांचा डबा घ्यायला गेले, तर ते म्हणाले, "फार तोंडावर सांगू नकोस बाई. सांगितलं की रडतात. बघून कळलं तर घरी जाऊन रडतात."

मी मात्र गेल्या मोसमातल्या मॅचेस मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिल्या. भाजी ढवळता ढवळता, लेकीला थोपटता थोपटता. आणि एक गोष्ट दिसली, ती दिसली नसती तर फार बरं झालं असतं. खांबचा गुडघा एकदा दुखावला होता, तेव्हापासून तिला मागे वळून पळता येत नव्हतं. हे तिला माहीत होतं, म्हणून ती आधीच मागे उभी राहायची. ती मागे, म्हणून बाकीची बचावफळी मागे. ती मागे, म्हणून मधली फळी मागे. एका खांबासाठी अख्खं घर मागे सरकलं होतं. समोरची टीम आरामात आमच्या दारापर्यंत यायची आणि आम्ही दारातच लढत बसायचो. टीम पुन्हा उभी करायची तर सगळ्यांना पुढे आणायला हवं होतं, आणि पुढे यायचं तर वेळेला मागे पळायचे पाय असलेली कोणीतरी हवी होती. तशी एक होती. शाळकरी पोरींतूनच वर आलेली, काडीसारखी, तोंडाळ, पळायला लागली की दिसायची नाही. टाचणी.

त्या दुपारी कोटाचं बटण मी कुठे कुठे ठेवून पाहिलं. कडेला ठेवलं, पुढे ठेवलं, पार मधल्या फळीत नेऊन ठेवलं. कापडावरही ते अवघडल्यासारखं दिसत होतं. शेवटी मी ते डब्यात टाकलं आणि त्याच्या जागी शर्टाचं छोटं पांढरं बटण ठेवलं. सगळं कापड एकदम पुढे सरकल्यासारखं झालं.

"मावशीला डब्यात का ठेवलंस?"

लेक दारात उभी. एका गालावर उशीची घडी उमटलेली. तिला सगळी बटणं नावानिशी पाठ होती. तिच्या बाहुल्यांपेक्षा जास्त ती यांच्याशी खेळायची.

"दमलीय ती," मी म्हटलं. "झोपू दे तिला."

"मग टाचणीताई तिच्या जागेवर का?"

"शू. बाबा उठेल. हे आपल्या दोघींचं गुपित, हं. अळीमिळी गुपचिळी."

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि इतकी गंभीर मान हलवली की मी तिला उचलून तिचा पापा घेतला. माझ्या लेकीच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं. संध्याकाळी खांब आली तर तिच्या एका हातात लेक, दुसऱ्या हातात लेकीचं दप्तर. दप्तराचा पट्टा तुटला होता, तो तिने लाँड्रीतल्या जाड दोऱ्याने शिवून आणला होता. "बघ, आता हत्ती लटकला तरी तुटायचा नाही," ती म्हणाली. मी वाक्य गिळलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातात लेकीचे ओले मोजे होते. मग लेकीला ताप आला आणि खांब कामावरून रजा टाकून तिच्या उशाशी बसली, मला म्हणाली, "तू जा प्रॅक्टिसला. कोच गैरहजर राहिली तर पोरी शेफारतील." तोंड उघडायचं म्हटलं की तिच्या हातात माझ्याच घराचं काहीतरी असायचं.

प्रॅक्टिस संपली की आम्ही तिघी बरोबरच घराकडे निघायचो. लेक खांबच्या खांद्यावर बसलेली, तिच्या केसांचा लगाम धरून. वळणावर ती लेकीला उतरवायची, एक टपली मारायची आणि आपल्या रस्त्याने जायची. त्या वळणापर्यंतचा रस्ता सांगायला पुरेसा होता. मी बाकी सगळं बोलायचे. कडीचे हातमोजे फाटले, पाण्याच्या बाटल्या कमी पडतात, अध्यक्षांना केशरी जर्सी हवी आहे.

"सांगितलंस?" नवरा रोज विचारायचा. कामावर जाण्यापूर्वी तो जेवायला बसायचा, तेवढाच वेळ आम्हाला बोलायला मिळतो.

"उद्या."

"घोडं पेंड कुठे खातंय?"

"सरावाची मॅच होऊन जाऊ दे. मोसमाआधी सांगितलं म्हणजे झालं."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. वाईट बोलायचा त्याचा स्वभाव नाही, म्हणून जे बोलला ते जास्त लागलं. "मॅच होऊन जाऊ दे, की ठमीला आणायला दुसरं कोणी मिळू दे?"

मी ताट उचलून घासायला घेतलं. त्याचं जेवण व्हायचं होतं, हे नंतर लक्षात आलं.

त्याच सुमारास खांब प्रॅक्टिसनंतर टाचणीला घेऊन मागे थांबायला लागली. कडेला लेक चेंडूवर बसलेली असायची आणि या दोघी मैदानाच्या मध्यावर. "चेंडूकडे बघू नकोस, त्या पोरीच्या कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही," खांब सांगायची. "आणि पुढे जायची वेळ झाली की ओरडायचं. घर सोडा. मोठ्याने. लाजू नकोस, एरवी तर तोंडाचा पट्टा चालूच असतो."

"घर सोडा," टाचणी ओरडायची.

"हे काय, मांजर ओरडलं का?"

लांबून हे बघताना मला बरं वाटायचं. वाटलं, तिचं तिलाच उमगतंय, आपल्याला फार काही बोलावं लागणार नाही. किती बरं वाटायचं, हे आता आठवलं तरी मान खाली जाते. आणखी एक गोष्ट मी ऐकूनही ऐकली नव्हती. त्या दिवसांत ती मला भिंगरी म्हणेनाशी झाली होती. ग्राउंडवर सगळ्यांपुढे ती मला कोच म्हणायचीच. आता रस्त्यातही म्हणायला लागली होती. "कोच, ठमीला खोकला आहे, बघा जरा." मला ती थट्टा वाटली.

सरावाच्या मॅचला मी तिला तिच्या जागेवर उतरवलं. सगळ्यांना पुढे सरकून खेळा असं सांगितलं होतं आणि खांब तसं खेळली. खरंच पुढे उभी राहिली. मग जे व्हायचं ते झालं. तिच्या डोक्यावरून एक लांब चेंडू आला, त्यांची पुढची पोर सुटली आणि खांब वळून पळायला लागली. दातओठ खात पळाली ती. लेक माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती, "मावशी पळ, मावशी पळ." गोल झाला. खांब जाळीपाशी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

मध्यंतरात मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. तिने दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि कडीच्या हातात दिली. "मी थांबते. माझ्या जागी टाचणी."

कडीने पट्टी दंडावर चढवली. टाचणी मोजे वर ओढत उठली.

दुसऱ्या अर्ध्यात जे मी कापडावर पाहिलं होतं, तेच मैदानावर दिसलं. बचावफळी पुढे, मधली फळी पुढे, चेंडू त्यांच्याच अंगणात. टाचणी दोनदा मागे पळून चेंडू काढून घेऊन आली. आम्ही बरोबरी केली आणि थोडा वेळ असता तर जिंकलो असतो. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी त्यांच्यात जायला हवं होतं. मी खांब कुठे आहे ते बघत होते.

ती कडेचे झेंडे गोळा करत होती. मीही शंकू उचलायला लागले. लेक कडीच्या मागे मागे जाळीपाशी गेली होती. एकात एक शंकू घालत आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात समोरासमोर आलो.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"ठमीचा ताप उतरला तेव्हापासून." तिने झेंड्याची काठी पुसली. "दूध पीत होती. म्हणाली, मावशी, तू डब्यात झोपलीस, पण मी तुला सांगणार नाही, गुपित आहे." यावर ती थोडी हसली. "मी म्हटलं, बरं. मीही कोणाला नाही सांगणार."

"मला विचारायचंस ना."

"मी विचारू? शब्द कोणी दिला होता, कोच?"

मी शंकूंचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.

"रोज वळणापर्यंत मला वाटायचं, आज बोलेल. तू जर्सीचं बोलायचीस. एकदा तर मी मुद्दाम बुटाची नाडी बांधायला थांबले. तू ठमीला म्हणालीस, चल गं, मावशीला उशीर होतोय."

मला ती संध्याकाळ आठवली. घरी जाताना ती घालायची तो बूट विनानाडीचा होता.

"टाचणीला घालायचं ठरवलंस ते बरोबरच आहे," ती म्हणाली. "मी कोच असते तर हेच केलं असतं, आणि आधी केलं असतं. बरोबर होतं म्हणून तर सांगायला काही अवघड नव्हतं. बाई, तुझे पाय संपले, एवढंच तर म्हणायचं होतं. मला काय माझे पाय माहीत नाहीत?"

"तू बचावफळी शिकव," मी घाईघाईने म्हटलं. "माझी मदतनीस म्हणून. कमिटीशी मी आजच बोलते. हे माझ्या मनात आधीपासून होतं, खरंच."

"असेल. आधी म्हणाली असतीस तर मी नाचत आले असते." ती माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. "आता ते केळं दिल्यासारखं वाटतं. पोराने भोकाड पसरू नये म्हणून."

तिने झेंडे माझ्या हातात दिले. जाताना म्हणाली, "उद्यापासून बालवाडीत नाही जात मी. बघा काहीतरी." मग जाळीपाशी गेली, लेकीला खाली वाकून काहीतरी म्हणाली, टपली मारली आणि त्या दिवशी आमच्याबरोबर न येता मागच्या फाटकाने निघून गेली.

आता लेकीला नवरा आणतो. अर्धवट झोपेत, उलटा शर्ट घालून. एकदा बालवाडीच्या बाकावर बसल्या बसल्या त्याला झोप लागली आणि पोरं रांग लावून त्याला बघायला आली. लेकीने सगळ्यांना सांगितलं, माझा बाबा रात्रभर ब्रेड करतो, त्याला उठवू नका. बाईंनी हसत हसत मला ही गोष्ट सांगितली. मीही हसले. त्याचे डोळे हल्ली सतत लाल असतात.

मोसमातली पहिली मॅच आम्ही जिंकलो. टाचणी मैदानभर "घर सोडा" ओरडत होती, थेट खांबच्या आवाजात, तिच्यासारखंच 'सोडा'वर जोर देऊन. ड्रेसिंग रूममध्ये गाणी चालली होती. कडी हातमोजे काढता काढता माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तेव्हा लिहून घ्यायला हवं होतं." मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचंच ओझं जास्त झालं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. नव्या कोचने टीमचा कायापालट केला, म्हणाले. अजून पुष्कळ काही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँड्रीत गेले. आत वाफ इतकी होती की आधी काही दिसलंच नाही. मशीनच्या आवाजात खांब एका लांबलचक टेबलाशी उभी राहून चादरी घड्या करत होती. मला बघून तिने एका चादरीची दोन टोकं माझ्याकडे सरकवली.

"धर."

मी धरली. आम्ही दोघींनी चादर ताणली, टोकाला टोक जुळवलं. ती जवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली, मागे गेली. पुढची चादर.

"माफी मागायला आले," मी म्हटलं.

"कळलं. नीट ताण, सुरकुत्या पडतायत."

"रागावलीस?"

"राग असता तर एव्हाना गेला असता गं." कितीतरी दिवसांनी ती मला 'गं' म्हणाली होती. "वाईट वाटलंय. ते काही लवकर जात नाही. जिंकलात म्हणे काल."

"टाचणी छान खेळली. तुझ्यासारखी ओरडते."

"मांजर." तिने चादरीची घडी गठ्ठ्यावर ठेवली, वरून हात फिरवला. "ठमी कशी आहे?"

"रोज विचारते तुला."

"तिला रागावली नाहीस ना?"

"नाही."

"नको रागावूस. तिला वाटलं मी झोपलेय, म्हणून उठवायला आली होती बिचारी."

"येशील का कधी? प्रॅक्टिसचं राहू दे. नुसती घरी."

तिने पुढची चादर उचलली. टेबलाच्या त्या टोकाकडून कोणीतरी तिला हाक मारली. "बघू," ती म्हणाली, आणि चादर एकटीच घडी करायला लागली. एक टोक हनुवटीखाली धरून.

आज सुट्टी. दुपारी नवरा झोपला आहे. लेक झोपली नाही, म्हणून तिला घेऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि तिचे केस विंचरायला घेतले. हल्ली ते माझ्याकडे आहे. माझा भांग सरळ येत नाही. एक शेंडी कानामागे जाते, एक डोक्यावर. लेक कुरकुरत नाही. आधी कुरकुरायची, मावशी अशी नाही घालत, म्हणायची. आता गप्प बसून राहते, मान ताठ धरून, जणू काही नीटच चाललंय. तिच्या त्या शहाणपणाने मला जास्त कसंतरी होतं.

मी तिसऱ्यांदा भांग मोडला.

"दुखतंय का?"

तिने मान हलवली. नाही. मग फणीकडे न बघता, आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"आई, मी सांगितलं नसतं, तर मावशी अजून आली असती का?"